घर पावसात दाखवा

रत्नागिरी शहर आणि आसपासच्या गावांतले बांधकाम व्यावसायिक, एजंट आणि फ्लॅटमालक यांस,



हे पत्र तुम्हा सगळ्यांना मिळून लिहिते आहे. ज्यांच्याशी आमचा व्यवहार झाला किंवा फिसकटला, त्यांची नावं यात नाहीत आणि कुणी ती शोधूही नयेत. एखाद्याच माणसाने त्रास दिला असता तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते. पण चारी बाजूंनी तेच ऐकू आलं, तेव्हा कळलं की ही इथली रीतच पडून गेली आहे. रीत बदलायची तर ती चालवणाऱ्या सगळ्यांशीच बोलावं लागतं.

आम्ही परळहून आलो. सासरे तरुणपणी संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीतून निघाले, बोटीने मुंबईला गेले आणि गिरणीत चिकटले. 1982 च्या संपात गिरणी गेली, पागडीची खोली तेवढी राहिली. त्या खोलीत आमचे संसार झाले, मुलं शिकली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि गेल्या. मग चाळ पुनर्विकासाला निघाली. ज्यांच्याकडे थांबायला वय होतं ते भाड्याच्या घरात जाऊन नव्या टॉवरची वाट पाहत बसले. आम्ही खोलीचे पैसे घेतले आणि निघालो.

मुंबई सोडणं हे काही नुसतं ट्रक भरून सामान हलवणं नव्हे. आमच्या गॅलरीत कुणाचं दूध उतू जायला लागलं तर शेजारीण आधी आत येऊन गॅस बंद करायची आणि मग हाक मारायची. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तरी केईएमला चालत जाता येईल, या भरवशावर आम्ही सगळं आयुष्य काढलं. दूधवाला, भाजीवाली, बँकेतला शिपाई, कोपऱ्यावरचा केमिस्ट, सगळे नावाने ओळखत. ही ओळख पैशाने विकत मिळत नाही आणि साठीनंतर ती नव्याने जोडायलाही वेळ लागतो. म्हणून गाव सोडून आलेल्या माणसाला नव्या ठिकाणी पहिली गरज असते ती धड घराची. घर नीट लागलं तर बाकीचं हळूहळू लागत जातं.

गावचं घर का नाही, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. गावचं घर चार भावांचं आहे, गणपतीला सगळे जमतात तेव्हा ते भरतं. पण रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांवर असलेल्या दोन माणसांनी पावसाळ्यात वाडीवर एकटं राहणं शहाणपणाचं नाही. रत्नागिरी शहरात जिल्हा रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे, कोकण रेल्वे आहे, नातेवाईक आहेत. आमच्यासारखी आणखी बरीच कुटुंबं हाच विचार करून इथे येत आहेत. तुमच्या धंद्याला आमची गरज आहे आणि आम्हाला तुमच्या घरांची. म्हणूनच बोलते.

पहिली गोष्ट पावसाची. तुम्ही इथलेच आहात, तेव्हा रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि सरळ वरून न पडता नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येणारा. मग तुमच्या इमारतींचे नकाशे पनवेल आणि डोंबिवलीच्या इमारतींसारखे का? आम्ही घरं पाहायला लागलो ते मे महिन्यात. सगळं कोरडं, नवा रंग, खिडकीतून समुद्राच्या वाऱ्याची झुळूक. भाड्याने घेतलेल्या घरात जुलै काढला तेव्हा ते घर खरं दिसलं.

एक खिडकीच घ्या. अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी, खाली पट्टी. बाहेर छज्जा नाही, कारण छज्ज्याने म्हणे इमारतीचं तोंड बिघडतं. वाऱ्याची झड आली की पाणी काचेवरून उतरतं आणि पट्टीत साठतं. पट्टीतून बाहेर पाणी जायला जी बारीक भोकं ठेवायची असतात ती एक तर नसतातच किंवा सिमेंटने बुजलेली असतात. पट्टी भरली की पाणी आतल्या कठड्यावरून भिंतीने खाली, तिथून जमिनीवर. आमच्या इमारतीत घरोघरी बायका त्या पट्टीत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबून ठेवतात. चिंधी भिजली की काढायची, बादलीत पिळायची, परत कोंबायची. रात्री दोनदा उठून हे करणारी सत्तरीची बाई मी पाहिली आहे. तिच्या खिडकीखाली प्लगचा बोर्ड आहे. तो तिथे बसवणाऱ्याला आणि बसवू देणाऱ्याला पश्चिम कुठे आहे हे माहीत नव्हतं का? खिडकीवर दोन फुटांचा छज्जा, पट्टीला बाहेरच्या अंगाला उतार आणि चार भोकं. संपूर्ण फ्लॅटच्या किमतीत हा खर्च कुठे दिसणारही नाही.

आपल्याकडच्या जुन्या माणसांनी या पावसाला तोंड कसं द्यायचं हे शोधून ठेवलं होतं. जांभ्याच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, भिंतीच्या पुढे हात-दोन हात आलेले वासे, म्हणजे पागोळ्या भिंतीवर न पडता अंगणात पडाव्यात. पश्चिमेच्या पडवीला पावसाआधी झापं बांधायची. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर जाऊन पाहा. थिबा राजवाडा पाहा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवलं, त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि 1910 च्या सुमारास तो तिथे राहायला गेला. शंभरांहून अधिक पावसाळे त्या उतरत्या छपरांवरून आणि रुंद व्हरांड्यांवरून वाहून गेले, वाडा उभा आहे. कुणी राजवाडा बांधून द्या असं म्हणत नाही. पण त्यातली छपराची आणि व्हरांड्याची अक्कल चार मजल्यांच्या इमारतीत आणता येते. ती आणायला मुंबईचा आर्किटेक्ट लागत नाही, इथला जुना गवंडी आणि सुतारही सांगेल.

सपाट गच्चीचं तर विचारूच नका. तुम्ही स्लॅब टाकता, कोबा करता, चाव्या देता. दोन-तीन पावसाळे गेले की वरच्या मजल्याच्या छताला ओल धरते. मग सोसायटी वर्गणी काढते आणि गच्चीवर पत्र्याची शेड घालते. मारुती मंदिरापासून नाचण्यापर्यंत मान वर करून चालत जा, निळे-हिरवे-लाल पत्रे जिकडे तिकडे दिसतील. म्हणजे पत्रा लागणार हे तुम्हालाही माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे, नगर परिषदेलाही माहीत आहे. मग तो पहिल्या नकाशातच का नसतो? नंतर घाईने घातलेल्या पत्र्याच्या परवानगीची भानगड होते, त्याचे खांब गच्चीत भोकं पाडून बसवतात आणि त्याच भोकांतून पुन्हा गळतं. वाऱ्याचा प्रश्न वेगळाच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे छपरांवरचे पत्रे कसे उडाले ते जिल्ह्याने पाहिलं आहे. त्याच दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर बसरा स्टार हे जहाज येऊन आदळलं होतं. असा वारा ज्या गावात येतो तिथे छप्पर हे मागाहून वर्गणी काढून करण्याचं काम नाही.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की घर पावसात दाखवा. जुलै महिन्यात गिऱ्हाइकाला बोलवा. तुम्ही तीन-चार वर्षांपूर्वी पुरी केलेल्या इमारतीत न्या, पश्चिमेच्या बेडरूममध्ये उभं करा, वरच्या मजल्यावरचं छत दाखवा, राहणाऱ्या माणसांशी बोलू द्या. ज्याचं काम चांगलं आहे त्याला याची भीती असायचं कारण नाही. आणि चांगलं काम करणारी मंडळी इथे आहेत, हे मी मान्य करते. एका इमारतीत स्वतः बिल्डरने पावसाळ्याआधी येऊन गच्चीच्या पन्हळी साफ करून घेतल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. त्या इमारतीत एकही फ्लॅट विकायला निघत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. पत्रकावर 650 फूट, बोलण्यात 650 फूट, आणि करारनाम्याचा मसुदा हाती आला तेव्हा कार्पेट 430. मधले फूट कुठे गेले विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, सगळीकडे असंच असतं." सगळीकडे असंच होतं म्हणून तर 2016 मध्ये रेरा कायदा झाला आणि 1 मे 2017 पासून महारेराचं काम सुरू झालं. त्या कायद्याने फ्लॅटचं क्षेत्रफळ म्हणजे काय ते पक्कं केलं आहे. घराच्या आतली वापरण्याजोगी जागा आणि आतल्या भिंती, एवढंच कार्पेट. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, गच्ची त्यात धरायची नाही. करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर कळवल्यापासून तीस दिवसांत पदरच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा. हे मी वकिलाकडून नाही, कायदा वाचून सांगते आहे. मराठीत उपलब्ध आहे, कुणीही वाचावा.

इथे मात्र एक मेख आहे आणि ती रत्नागिरीसारख्या गावात जास्त टोचते. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठ फ्लॅटपर्यंतच्या इमारतीला रेराची नोंदणी लागत नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. आपल्याकडे वडिलोपार्जित आगरातले चार-पाच गुंठे काढून त्यावर सहा-आठ फ्लॅटची इमारत उभी करणं ही नेहमीची गोष्ट आहे. अशा इमारतीत घर पाहायला गेलं की "आपल्याला रेरा लागत नाही" हे अभिमानाने सांगतात. पण रेरा लागत नाही म्हणजे कायदाच लागत नाही असं होत नाही. 1963 चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट कायदा आहेच. त्यातही नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय वीस टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही, नकाशे आणि जमिनीचे कागद दाखवावे लागतात, सोसायटी करून द्यावी लागते, जमीन तिच्या नावावर करून द्यावी लागते. आम्ही सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र मागितलं तेव्हा समोरच्या माणसाचा चेहरा पडला, जणू आम्ही त्याच्या घरच्यांवर संशय घेतला. कृपा करून कागद मागणाऱ्यावर रागावू नका. जन्माची पुंजी घेऊन आलेला माणूस कागद मागणारच. पार्किंगचंही तसंच. इमारतीखालची आणि आवारातली गाडीची जागा वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मुंबईच्या एका सोसायटीच्या खटल्यात दिला. तरी आम्हाला आवारातल्या उघड्या जागेचे दीड लाख रोख सांगितले गेले.

तिसरी गोष्ट सांगताना मला जास्त वाईट वाटतं. संध्याकाळी सातनंतर थिबा पॅलेस रोडने किंवा साळवी स्टॉपकडच्या नव्या इमारतींसमोरून चाला आणि उजेड असलेल्या खिडक्या पाहा. आम्ही राहतो त्या इमारतीत संध्याकाळी बहुतेक मजले काळोखात असतात. मालक मुंबई, ठाणे, पुणे, दुबईला. गणपतीत आणि मे महिन्यात येतात, आठवडाभर लिफ्ट खालीवर होते, पाण्याची टाकी रिकामी होते, मग पुन्हा शांत. मालकीचा त्यांचा हक्क मला मान्य आहे; आम्हीही एकेकाळी तेच चाकरमानी होतो आणि गणपतीला येऊन चार दिवस गाव गाजवून परत जात होतो. पण इमारत चालवायची जबाबदारी मग राहणाऱ्या तीन-चार कुटुंबांवर पडते. लिफ्ट दुरुस्तीला पैसे जमत नाहीत, वार्षिक सभेला कोरम भरत नाही, बंद फ्लॅटमधल्या संडासाचा पाइप फुटला तर किल्ली कुणाकडे याचा शोध दोन दिवस चालतो आणि तोवर खालच्या घरात बादल्या लागतात.

याची सुरुवात तुमच्या जाहिरातीत होते. दादर आणि ठाण्याच्या प्रदर्शनात लागणारी पत्रकं मी पाहिली आहेत. समुद्राचं दर्शन, सुट्टीचं घर, गुंतवणूक, काही वर्षांत दुप्पट. त्यात कुठेही असं लिहिलेलं नसतं की इथून भाजीबाजार किती लांब, दवाखाना किती लांब, शहर बस थांबते का, रेल्वे स्टेशनवरून रात्री उतरलेल्या बाईला रिक्षा मिळेल का, मेमध्ये पाणी रोज येतं की दिवसाआड. कारण हे प्रश्न राहणाऱ्याला पडतात, गुंतवणाऱ्याला नाहीत. आणि गुंतवणाऱ्याच्या ऐपतीने एकदा भाव ठरला की इथला शिक्षक, नर्स, मिरकरवाड्याच्या बंदरावर कष्ट करणारा, एमआयडीसीतला फिटर यांच्या आवाक्यातून घर जातं. ते मग भाड्याने राहतात, त्याच बंद फ्लॅटांत, मालकाच्या मर्जीवर.

आता फ्लॅटमालकांशी, म्हणजे माझ्या मते या पत्रातलं सर्वांत निकडीचं.

घर विकत घेण्याआधी आम्ही भाड्याने राहायचं ठरवलं. भाडं परवडत होतं, डिपॉझिट द्यायला तयार होतो. अडलं ते करारनाम्यावर. एकापाठोपाठ एक मालक फोनवर सांगत, "अग्रीमेंट कशाला? आपलीच माणसं तुम्ही." आपलेपणाबद्दल आभार. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, भाडेकरूची नाही. न केल्यास दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. बहुतेक मालकांना हे माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, ते उत्पन्न दाखवावं लागेल म्हणून टाळतात.

हा कागद नसला तर आमच्यासारख्यांचं काय होतं ते सांगते. रेशनकार्ड परळच्या पत्त्यावर, ते इकडे आणायचं तर राहत्या घराचा पुरावा हवा. गॅसचं कनेक्शन हलवायला पुरावा हवा. आधारवरचा पत्ता बदलायला पुरावा हवा. मतदार यादीत नाव इथे लावायचं तर तोच प्रश्न. बँकेने पत्ता बदलायला तोच कागद मागितला, आणि पेन्शनची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली, जिथे आता चाळच उरलेली नाही. मुंबईत आमचा पत्ता पुसला गेला आणि रत्नागिरीत तो उमटायला तयार नाही, अशा अवस्थेत आम्ही बरेच दिवस काढले. शहर सोडण्याचं दुःख एकवेळ सोसतं, पण कुठल्याच गावाच्या दप्तरी आपण नाही ही भावना म्हातारपणी फार जड जाते. तुमच्या एका सहीने आणि ऑनलाइन नोंदणीच्या थोड्याशा खटपटीने हे टळतं. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवल्याने घर कुणाच्या घशात जात नाही. उलट नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवणं मालकालाच सोपं जातं.

काही मालकांनी आणखी एक अट घातली. गणपतीत पंधरा दिवस घर मोकळं करून द्यायचं, कारण ते येणार. भाडं बारा महिन्यांचं, राहणं साडेअकरा महिन्यांचं. त्या पंधरा दिवसांत औषधं, फ्रीजमधलं इन्सुलिन, देव्हारा घेऊन साठीच्या पुढच्या माणसांनी कुठे जावं? घर भाड्याने दिलं की त्या मुदतीत ते भाडेकरूचं राहतं घर असतं, एवढं तरी मानलं पाहिजे. गणपती आमच्याही घरी येतो.

एजंट मंडळींना माझं एकच सांगणं आहे, आणि ते जरा कडक आहे. घर दाखवण्याआधी आडनाव विचारू नका. आम्हाला विचारलं गेलं. आमचं आडनाव चाललं, म्हणून दार उघडलं. माझ्याबरोबर नोकरी केलेली एक मैत्रीण निवृत्तीनंतर इकडेच यायचं म्हणत होती. तिचे आजोबा राजिवड्याचे. तिचं नाव सांगितल्यावर दोन ठिकाणी "घर गेलं" असं उत्तर आलं आणि त्याच घरांची जाहिरात पुढे महिनाभर चालू राहिली. ती आली नाही. पिढ्यान् पिढ्या मासे पकडून आणि दर्यावर्दी करून ज्यांनी या बंदराचं नाव राखलं, त्यांच्या नातीला या गावात भाड्याचं घर मिळू नये, याची मला शरम वाटते.

याच रत्नागिरीत 1931 साली पतितपावन मंदिर उभं राहिलं आणि ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्यासाठी ते उघडलं गेलं. ते ज्यांनी पदरच्या पैशाने बांधून दिलं ते भागोजीशेठ कीर तुमच्याच व्यवसायातले होते. इथल्या गरिबीतून उठून मुंबईला गेले, बांधकामाच्या ठेकेदारीत नाव आणि पैसा मिळवला आणि तो या गावासाठी खर्च केला. तुमच्या कचेऱ्यांतून त्यांच्या तसबिरी लावलेल्या मी पाहिल्या आहेत. बांधकाम करणाऱ्या माणसाचा दारं उघडण्याशी संबंध असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्यांची तसबीर लावता त्यांच्या गावात आडनावावरून घर नाकारलं जाऊ नये. ही सक्ती कुणी सोसायटीने केली, मालकाने केली, मी फक्त निरोप्या, असं म्हणून एजंटाची सुटका होत नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यात तुम्हा एकट्यांचा दोष नाही. चार महिने बुडवणाऱ्या गावात मे महिन्यात टँकर मागवावा लागतो. शीळ धरणातून येणारं पाणी वाढत्या शहराला किती पुरणार हे नगर परिषदेने पाहावं. पण एक हिशेब तुमच्या हातातला आहे. 200 चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर पाणी. ते सगळं पन्हळीतून गटारात जातं. त्यातलं थोडं जमिनीखालच्या टाकीत साठवलं, बाकीचं विहिरीत किंवा बोअरवेलच्या आसपास जिरवलं, तर एप्रिल-मे जरा तरी सुसह्य होतील. परवानगीच्या नकाशात पाऊस-पाण्याची टाकी दाखवलेली असते, हे मी दोन इमारतींच्या नकाशांवर पाहिलं. प्रत्यक्षात एका ठिकाणी तिथे स्कूटरी उभ्या होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी वॉचमनची खोली होती.

तुमच्याही अडचणी आहेत. वाळू मिळत नाही, परवानग्या रखडतात, मजूर कर्नाटकातून आणि उत्तरेतून आणावे लागतात, मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाने इतकी वर्षं सगळा मालच महाग केला. हे तुमच्यापैकी एकाने बसवून, चहा देऊन, मोकळेपणाने सांगितलं आणि मला ते पटलं. पण छज्जा गाळणं, भोकं बुजवणं, फूट फुगवून सांगणं, करार टाळणं, आडनाव विचारणं, यांतली एकही गोष्ट वाळूच्या भावामुळे होत नाही.

आमचा सध्याचा भाडेकरार, जो खूप विनवण्या करून शेवटी नोंदवून मिळाला, तो पुढच्या मे महिन्यात संपतो. आम्हाला परत मुंबईला जायचं नाही. तिथे आता जायला जागाही नाही. रत्नागिरी शहरातच, दवाखान्यापासून फार लांब नाही असं, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरचं एक घर विकत घ्यायचं आहे. कार्पेट साडेचारशे फुटांच्या आसपास असलं तरी पुरे. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा हवा, गच्चीवर छप्पर नकाशातच मंजूर केलेलं हवं, पाऊस-पाण्याची टाकी जिथे दाखवली तिथे हवी, भोगवटा प्रमाणपत्र हातात हवं. शेजारी कोण आहेत हे आम्ही विचारणार नाही. ते तिथे बारा महिने राहणारे असावेत एवढीच इच्छा आहे. असं घर तुमच्यापैकी कुणी बांधलं असेल किंवा बांधत असेल, तर जुलै महिन्यात दाखवायला बोलवा. आम्ही छत्री घेऊन येऊ, आणि घर खरंच तसं असेल तर भावासाठी घासाघीस करणार नाही.



आपली नम्र,
परळहून रत्नागिरीत राहायला आलेली एक निवृत्त परिचारिका
नाचणे रोड, रत्नागिरी